बोस्टनचा दुकानदार आणि पगारदारांची पतपेढी

नांदेड असो की लातूर, शाळेच्या किंवा कचेरीच्या पगारपत्रकात एक रकाना ठरलेला असतो. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर आणि विम्याचा हप्ता यांच्या शेजारी पतसंस्थेची कपात उभी असते. शिक्षक आणि कारकून तिला नुसते सोसायटी म्हणतात. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, आईचे दवाखान्याचे बिल, मुलाच्या शिकवणीची फी, अशा प्रत्येक निकडीला हा रकाना रुंदावतो आणि काही वर्षांनी पुन्हा अरुंद होतो. सावकाराच्या ओसरीवर ताटकळण्याची पाळी पगारदार माणसावर फारशी येत नाही, याचे बरेचसे श्रेय या रकान्याला द्यावे लागेल. परंतु सवयीच्या गोष्टींचे मोल सहसा जाणवत नाही. वर्षाकाठी लाभांश किती मिळाला आणि सर्वसाधारण सभेत चहाबरोबर काय होते, यापलीकडे सभासदाचे लक्ष जात नाही.

हीच कल्पना सातासमुद्रापलीकडे ज्याने आपली मानली, तिच्यासाठी वीस-पंचवीस वर्षे आपली पदरमोड केली आणि तिच्या प्रसाराची पहिली प्रेरणा भारतातील खेड्यांतून घेतली, तो मनुष्य ना अर्थशास्त्रज्ञ होता ना राजकारणी. तो बोस्टन शहरातील एक दुकानदार होता. एडवर्ड अल्बर्ट फायलीन हे त्याचे नाव. आपल्या काळातील अमेरिकेच्या सर्वांत नावाजलेल्या सर्ववस्तुभांडारांपैकी एक त्याने वडिलांच्या छोट्या दुकानातून उभे केले. त्या भांडाराचे नाव आज बाजारातून पुसले गेले आहे; त्याने पोसलेली पतसंस्थांची चळवळ मात्र टिकून आहे. असे का घडले, हे पाहण्यासाठी त्याचे चरित्र चाळले पाहिजे.

दुकानात वाढलेला मुलगा

एडवर्डचे वडील विल्यम हे प्रशियाच्या ताब्यातील पोझेन प्रांतातले ज्यू. पोझेनचा हा भाग आज पोलंडमध्ये आहे. १८४८ च्या युरोपीय उठावांनंतरच्या धामधुमीत ते अमेरिकेला आले. मूळचे काट्झ हे आडनाव मागे राहिले आणि फायलीन हे नवे नाव रूढ झाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या गावी ३ सप्टेंबर १८६० रोजी एडवर्डचा जन्म झाला. वडिलांचा धंदा कधी एका गावात बसे, कधी दुसऱ्या गावात उठे. सेलम, न्यूयॉर्क, लिन अशी कुटुंबाची भटकंती चालू राहिली. धंद्यात चढ थोडे आणि उतार फार, अशीच ती वर्षे होती. अखेर १८८१ साली बोस्टनमध्ये त्यांनी बस्तान बसवले. स्त्रियांचे कपडे, हातमोजे, लेस अशा मालाचे ते दुकान होते.

मुलगा अंगाने अशक्त होता. लहानपणच्या अपघातामुळे एक पाय कायमचा अधू झाला. इसबाच्या विकाराने त्याला पुढेही सतावले. चारचौघांत मिसळण्याचा संकोच त्यातूनच जडला असावा. वाचनाची ओढ मात्र मोठी होती. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण त्याच सुमारास वडील आजारी पडले आणि त्याला वर्गाऐवजी गल्ल्यावर बसावे लागले. आपल्याकडच्या कित्येक पेढ्यांवर आणि किराणा दुकानांत ही कथा घडली आहे. शिकण्याची इच्छा असलेला मुलगा वहीखाते सांभाळत राहतो आणि हुकलेल्या शिक्षणाची रुखरुख जन्मभर उराशी बाळगतो. एडवर्डच्या बाबतीत त्या रुखरुखीचे रूपांतर एका विलक्षण सवयीत झाले. दुकान हेच त्याने विद्यापीठ मानले आणि दुकानदारीकडे तो शास्त्र म्हणून पाहू लागला.

१८९१ साली वडिलांनी कारभार एडवर्ड आणि धाकटा भाऊ लिंकन यांच्यावर सोपवला. विल्यम फायलीन्स सन्स, म्हणजे विल्यम फायलीनचे पुत्र, हे पेढीचे नाव पुढे बोस्टनमध्ये घराघरांत पोचले. दोघा भावांचे स्वभाव निराळे होते. लिंकन मिठ्ठास, माणसे जोडणारा. एडवर्ड कल्पनांनी झपाटलेला, आकड्यांत रमणारा आणि थोडा तापट. जोपर्यंत हे दोन स्वभाव एकमेकांना पूरक ठरले, तोपर्यंत पेढीची भरभराट झाली.

भावाचे शास्त्र

फायलीनची दुकानदारी समजून घ्यायची तर तिच्या आधीचा बाजार आठवला पाहिजे. आडतीच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जी जुनी रीत होती, तिचे मर्म हेच की खरा भाव तिसऱ्याला कळू नये. किरकोळ दुकानातही गिऱ्हाईक पाहून भाव सांगितला जाई. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बॉन मार्शे या भांडाराने आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनमेकरने ही रीत मोडीत काढण्यास मोठा हातभार लावला. प्रत्येक नगावर किमतीची चिठ्ठी, सर्वांना एकच भाव, पसंत न पडल्यास माल परत, या तत्त्वांवर सर्ववस्तुभांडारे उभी राहिली. अशिक्षित मोलकरीण आणि कारखानदाराची पत्नी यांना एकाच काउंटरवर एकच किंमत मोजावी लागणे, ही वरवर व्यापारी दिसणारी गोष्ट सामाजिक दृष्ट्याही लहान नव्हती.

एडवर्डने या पायावर पुढची मांडणी केली. कोणता माल किती दिवसांत खपतो, कोणत्या किमतीला गिऱ्हाईक अडखळते, कोणता माल फळीवर धूळ खात पडतो, याच्या नोंदी त्याने काटेकोर ठेवायला लावल्या. दुकानात शंभर किमतींचे शंभर प्रकार भरण्यापेक्षा मोजक्या किमतींच्या पायऱ्या ठरवाव्यात आणि त्या त्या पायरीवर उत्तमोत्तम माल द्यावा, हा त्याचा सिद्धांत होता. १९३० साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. खपाचा वेग वाढला की नफ्याचे प्रमाण कमी ठेवूनही एकूण नफा वाढतो, आणि किंमत उतरली की गरिबाची क्रयशक्ती वाढते, असे हे गणित होते. त्याच्या दृष्टीने स्वस्ताई हा परोपकाराचा भाग नव्हता. धंद्याचा तो पाया होता.

या गणिताचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे तळघरातील सवलतीचे दुकान. १९०९ साली ते सुरू झाले. वरच्या मजल्यांवर न खपलेला आणि कारखान्यांकडे शिल्लक राहिलेला माल तेथे मांडला जाई. प्रत्येक नगावर तो केव्हा मांडला याची तारीख असे. विक्रीचे १२ दिवस झाले की किंमत आपोआप २५ टक्के उतरे. १८ दिवसांनी ५० टक्के, २४ दिवसांनी ७५ टक्के. आणि ३० दिवसांनीही न खपलेला नग धर्मादाय संस्थेला दिला जाई. भाव उतरवण्याचा अधिकार येथे मालकाच्या मर्जीकडे नव्हता, दिनदर्शिकेकडे होता. आणखी सहा दिवस थांबावे तर वस्तू दुसरा उचलील आणि आज घ्यावी तर दाम जास्त पडतील, या पेचात बोस्टनची गिऱ्हाइके रमली. पहिली काही वर्षे तोटा झाला. सहकारी व्यवस्थापकांनी नाके मुरडली. परंतु पुढे मंदीच्या दिवसांत याच तळघराने वरच्या मजल्यांना हात दिला. १९१२ साली डॅनियल बर्नहॅम या ख्यातनाम वास्तुशास्त्रज्ञाने आखलेली पेढीची भव्य इमारत उभी राहिली आणि फायलीन हे नाव किरकोळ व्यापाराच्या जगात अग्रभागी आले.

नोकरांचे राज्य

दुकान मोठे झाले की मालक आणि नोकर यांच्यातील अंतर वाढते. फायलीन बंधूंनी हे अंतर कमी करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच एक धाडसी व्यवस्था निर्माण केली. दुकानातील सर्व नोकरांची मिळून एक सहकारी संघटना स्थापन झाली. दुकानाचे नियम बदलण्याची मागणी ती मतदानाने करू शकत असे. नोकराला काढून टाकले किंवा दंड झाला तर त्याची दाद नोकरांनीच निवडलेल्या लवाद मंडळाकडे लागे आणि त्या मंडळाचा निर्णय मालकालाही मान्य करावा लागे. स्त्री नोकरांसाठी किमान वेतन, उन्हाळ्यात शनिवारची सवलत, पगारी रजा, दवाखाना आणि बचतीची सोय या गोष्टी तेथे आल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक इतरत्र ऐकिवातही नव्हत्या. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले लुई ब्रँडाइस हे या कुटुंबाचे वकील आणि स्नेही होते. औद्योगिक लोकशाहीसंबंधीच्या त्यांच्या विचारांचा या प्रयोगावर ठसा होता.

एडवर्डची आकांक्षा याहूनही पुढची होती. कालांतराने दुकानाची मालकीच नोकरांच्या हाती जावी, असे त्याचे स्वप्न होते. नोकरांना कल्याणकारी सोयी देणारे मालक जगात अनेक होऊन गेले. मालकीच देऊन टाकण्याची भाषा करणारे विरळा. हे स्वप्न साकार झाले नाही. त्याची कारणे पुढे येतीलच.

बंगालची खेडी

१९०७ साली एडवर्ड फायलीन जगप्रवासाला निघाला आणि त्या ओघात हिंदुस्थानात आला. श्रीमंत पाश्चात्त्य प्रवासी तेव्हा ताजमहाल पाहत, संस्थानिकांकडे मेजवान्या झोडत आणि शिकारीचे फोटो घेऊन परत जात. या प्रवाशाचे लक्ष भलत्याच गोष्टीने वेधले. बंगालमधील सहकारी संस्थांचे काम पाहणारे मुलकी अधिकारी विल्यम गुर्ले यांच्याकडून त्याला खेड्यांतील नव्या पतपेढ्यांची माहिती मिळाली आणि त्या त्याने पाहून घेतल्या.

या पतपेढ्या तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होत्या. त्यांच्या जन्माची कहाणी महाराष्ट्राशी जवळून निगडित आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. घरांतून कर्जखते बाहेर काढली आणि त्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाला ठाऊक असलेल्या या उद्रेकाने सरकार हादरले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण सावकाराला लगाम घातला तरी बी-बियाण्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न उरलाच. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापून मध्यमवर्गीयांच्या परस्पर साहाय्याचा एक मार्ग दाखवला. मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतील रायफायझनच्या ग्रामीण पतपेढ्यांचा अभ्यास करून सविस्तर अहवाल दिला. या साऱ्याची परिणती १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात झाली. गावातल्या गावात, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी थोडे थोडे भांडवल जमवावे, एकमेकांच्या प्रामाणिकपणाच्या जोरावर कर्ज द्यावे आणि कारभार स्वतःच पाहावा, एवढेच त्या कायद्याचे सूत्र होते.

गहाण टाकायला ज्याच्याकडे काही नाही, त्याचे चारित्र्य हेच तारण मानता येते, ही गोष्ट बोस्टनच्या दुकानदाराला नवी वाटली. त्याच्या स्वतःच्या देशात याच वेळी कारखान्यातील मजूर आणि कचेरीतील कारकून पगारावर कर्ज देणाऱ्या सावकारांच्या जाळ्यात अडकलेले होते. बँका त्यांना दारात उभ्या करीत नसत. सावकार मात्र वर्षाकाठी मुद्दलाइतके आणि कधी त्याहूनही अधिक व्याज वसूल करीत. दुकानात उधारीवर माल नेणारे गिऱ्हाईक शेवटी कोणाच्या दारात जाते, हे फायलीनला व्यवसायामुळेच ठाऊक होते. हिंदुस्थानानंतर तो फिलिपाईन्समध्ये गेला. ही बेटे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती. तेथील शेतकऱ्यांसाठी हिंदुस्थानच्या धर्तीवर पतपेढ्या काढाव्यात, असे त्याने थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना सुचवले.

कायद्यापासून चळवळीपर्यंत

येथे एका गोष्टीची नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे. अमेरिकेतील पतसंस्थांचे पितृत्व एकट्या फायलीनकडे जात नाही आणि तिचा उगम केवळ हिंदुस्थानात आहे असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आल्फोन्स देजार्दँ या पत्रकाराने १९०० सालीच लोकांची पतपेढी उभारली होती. त्याच्याच मार्गदर्शनाने १९०८ साली न्यू हँपशायर राज्यातील मँचेस्टर येथे अमेरिकेतील पहिली पतसंस्था निघाली. मॅसॅच्युसेट्सचे बँक आयुक्त पिअर जे हेही स्वतंत्रपणे याच दिशेने विचार करीत होते. जे, देजार्दँ आणि फायलीन यांचे प्रयत्न एकत्र आले आणि १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पतसंस्थांचा सर्वसाधारण कायदा मंजूर झाला. अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होता.

कायदा होऊनही दहा वर्षे काम रखडतच चालले. चळवळीला पूर्ण वेळ देणारा माणूस हवा आणि त्याच्यामागे पैसा हवा, हे फायलीनने ओळखले. १९२० साली त्याने रॉय बर्गेनग्रेन या वकिलाला कामावर घेतले आणि १९२१ साली पतसंस्थांच्या प्रसारासाठी राष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. बर्गेनग्रेन गावोगाव, राज्योराज्यी हिंडला. विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या, टपाल कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत आणि कारखान्यांत पतसंस्था काढून दिल्या. खर्च फायलीनचा होता. त्याने या कामासाठी घातलेली एकंदर रक्कम सुमारे दहा लाख डॉलरच्या घरात जाते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३० हून अधिक राज्यांत पतसंस्थांचे कायदे झाले होते.

१९२९ च्या महामंदीने या संस्थांची कसोटी पाहिली. हजारो बँका बुडाल्या. मार्च १९३३ मध्ये तर देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. पतसंस्था लहान होत्या, सभासद एकमेकांना ओळखत होते, कर्जदार कोण हे ठेवीदाराला ठाऊक होते. त्यामुळे त्यांपैकी बहुतेक तगल्या. या अनुभवाच्या बळावर २६ जून १९३४ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी संघराज्याच्या पतसंस्था कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलोरॅडो राज्यातील एस्टेस पार्क येथे पतसंस्थांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. संस्था आता आपल्या वर्गणीतून आपला महासंघ चालवणार होत्या. दात्याची गरज उरली नव्हती.

मालकाची हार

पतसंस्थांचा वृक्ष फोफावत असताना खुद्द पेढीवर निराळे नाट्य घडत होते. १९१० नंतरच्या काळात फायलीन बंधूंनी काही कर्तबगार सहकाऱ्यांना भागीदार करून घेतले होते. लुई कर्स्टाइन हे त्यांतील प्रमुख. नोकरांच्या हाती मालकी जाईपर्यंतची ती मधली पायरी आहे, असे एडवर्ड मानत होता. सहकाऱ्यांचा कल वेगळा होता. दुकान नफ्यात चालले आहे, ते आणखी वाढवावे, इतर शहरांतील मोठ्या भांडारांशी हातमिळवणी करावी, असे त्यांना वाटे. धाकटा भाऊ लिंकनही त्यांच्या बाजूला गेला. अखेर १९२८ साली एडवर्डच्या हातून कारभाराची सूत्रे गेली. अध्यक्षपद आणि वेतन राहिले, अधिकार संपला. १९२९ साली ब्रुकलिन आणि कोलंबस येथील भांडारांबरोबर मिळून पेढी फेडरेटेड या नव्या समूहात सामील झाली. आपल्याच बापाच्या दुकानात आपला शब्द चालू नये, यापरते शल्य दुकानदाराला दुसरे नसेल.

या पराभवाचा दोष केवळ सहकाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. फायलीन लोकशाहीचा पुरस्कर्ता होता, पण त्याचा स्वभाव हुकमी होता. लोकांनी स्वतः निर्णय घ्यावेत असे त्याला वाटे. मात्र ते निर्णय आपल्या मताप्रमाणे असावेत अशीही त्याची अपेक्षा असे. नोकरांची संघटना वरून दिलेली होती. नोकरांनी ती मागून, झगडून, वर्गणी काढून मिळवलेली नव्हती. दवाखाना आणि रजा त्यांनी आनंदाने घेतली. मालकीची जोखीम घेण्यास मात्र ते पुढे सरसावले नाहीत. दान म्हणून मिळालेला अधिकार मनुष्य सांभाळून ठेवतो, वापरत नाही.

अखेरची वर्षे त्याने नव्या कल्पनांच्या पाठपुराव्यात घालवली. १९१९ साली स्थापन केलेल्या त्याच्या संशोधन निधीतून आर्थिक प्रश्नांचा अभ्यास चालू होता. आंतरराष्ट्रीय परिषदांत एकामागून एक भाषांतरे ऐकत तासन्‌तास जातात, हे पाहून भाषण चालू असतानाच कानयंत्रातून भाषांतर ऐकवण्याची युक्ती त्याने गॉर्डन फिनले या अभियंत्याच्या साहाय्याने विकसित केली. १९२७ साली जिनिव्हात तिचा वापर झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात याच पद्धतीच्या सुधारलेल्या यंत्रणेमुळे चार भाषांतील कामकाज एकाच वेळी चालू शकले. ग्राहकांच्या सहकारी भांडारांसाठी त्याने मोठी रक्कम बाजूला काढली. १९३७ साली प्रचारतंत्राची चिकित्सा करणाऱ्या एका संस्थेला अर्थसाहाय्य दिले. हिटलर आणि मुसोलिनी यांच्या काळात सामान्य माणसाने प्रचार ओळखावा कसा, हे शिकवणे तिचे काम होते. बहुतेक बडे व्यापारी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या धोरणांवर तुटून पडत असताना हा व्यापारी त्यांच्या बाजूने उभा राहिला. तो अविवाहित होता. २६ सप्टेंबर १९३७ रोजी पॅरिसमध्ये न्युमोनियाने त्याचे निधन झाले.

दोन वारसे

फायलीनने दोन गोष्टी मागे ठेवल्या. पहिली म्हणजे दुकान. ते विलीनीकरणांच्या चक्रातून फिरत राहिले आणि २००६ साली बाजारातून फायलीन हे नाव उतरले. तळघराचे दुकान स्वतंत्र कंपनी होऊन काही वर्षे तगले आणि २०११ साली तेही बंद पडले. बर्नहॅमने आखलेली इमारत मात्र बोस्टनच्या वॉशिंग्टन रस्त्यावर उभी आहे. दुसरा वारसा पतसंस्थांचा. अमेरिकेत त्यांची सभासदसंख्या आज सुमारे १४ कोटी आहे. पहिला वारसा भांडवलाने सांभाळला, दुसरा सभासदांनी. या दोन विधानांत त्याच्या चरित्राचे सार आले.

मराठवाड्याला हे सार परके वाटू नये. हैदराबाद संस्थानात हा प्रदेश असताना कर्ज म्हणजे सावकार आणि सावकार म्हणजे जमीन, हे समीकरण खेड्यापाड्यांत पक्के होते. १९४८ च्या मुक्तीनंतर आणि विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर सहकाराचे जाळे येथे पसरले. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने पगारातून परस्पर कपात करून संस्थेचे येणे भरण्याची तरतूद केली आणि पगारदारांच्या पतसंस्थांचा पाया भक्कम झाला. वसुलीची चिंता नाही, कर्जदार परागंदा होत नाही, सारे एकाच खात्यातले. रायफायझनने खेड्यात जे ओळखीचे बंधन शोधले, ते येथे शाळेच्या शिक्षककक्षात आणि कचेरीच्या टेबलांमध्ये आयते सापडले.

परंतु याच प्रदेशाने गेल्या काही दशकांत दुसरे चित्रही पाहिले आहे. जादा व्याजाची पाटी लावून दारोदार ठेवी गोळा करणाऱ्या, शाखांवर शाखा उघडणाऱ्या कित्येक पतसंस्था बुडाल्या. निवृत्त मास्तरांची पुंजी, शेतमजूर बाईने पै पै करून साठवलेले पैसे, मोंढ्यातील हमालाची बचत त्यांत अडकली. नावात सहकार होता. पण ठेवीदार कर्जदाराला ओळखत नव्हता, सभासद संचालकाला विचारत नव्हता आणि ताळेबंद वाचण्याची तसदी कोणी घेत नव्हते. ओळखीचे बंधन तुटले की पतसंस्था ही दुबळी बँक उरते, आणि बँकेवरची कडक देखरेखही तिच्यावर नसते.

पगारदारांच्या संस्था या वादळात तुलनेने सुरक्षित राहिल्या, त्या कपातीच्या जोरावर. तथापि कपात हे वसुलीचे साधन आहे, दक्षतेचे नव्हे. मर्यादेपर्यंत कर्ज घेणे हा हक्क आणि ते कशासाठी हा खासगी प्रश्न, अशी समजूत रूढ झाली तर हाती येणारा पगार आणि कागदावरचा पगार यांच्यातील दरी रुंदावत जाते. मग घरखर्चासाठी पुन्हा बाहेरचा सावकार किंवा मोबाइलवर क्षणात कर्ज देणारा नवा अवतार दारात उभा राहतो. काटकसरीला उत्तेजन आणि उपयुक्त कामासाठीच कर्ज, ही जी दोन कलमे जुन्या पतसंस्थांच्या नियमांत असत, ती व्यवहारातून गळून पडली की संस्था उरते आणि हेतू जातो.

हिंदुस्थानातील एका ओबडधोबड प्रयोगात बोस्टनच्या धनिकाला जे मोलाचे दिसले, ते भांडवल नव्हते. तेथे भांडवल होतेच कोठे? अडाणी समजली जाणारी माणसे एकत्र बसून, अमक्याला किती द्यायचे आणि तमक्याने का फेडले नाही, हे आपसांत ठरवीत होती. तो अधिकार ती स्वतः वापरत होती. फायलीनला आपल्या दुकानात हेच निर्माण करता आले नाही, कारण तेथे तो स्वतः मालक होता. पतसंस्थांत ते साधले, कारण तेथे त्याने फक्त पैसा दिला आणि वेळ येताच तो बाजूला झाला.

पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना फलकावर लागते, सोबत अहवाल आणि ताळेबंद असतो. गणसंख्येअभावी तहकूब, आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी, ही ओळही बहुधा छापलेलीच असते. ज्या अधिकारासाठी दुसऱ्या देशात एका माणसाला आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे आणि लाखो डॉलर खर्च करावे लागले, तो येथे प्रत्येक सभासदाला कायद्याने मिळालेला आहे. सभेला जाणे, ताळेबंदातील थकबाकीचा आकडा वाचणे आणि उभे राहून त्याविषयी विचारणे, एवढीच त्याची किंमत आहे. ही किंमत कोणत्याही बारा दिवसांनी आपोआप उतरत नाही.